वाचकांचे प्रश्न : धुरी, मुळी आणि नाव

प्रश्न : येशूने भुते काढली, तशी यहुदी मांत्रिकही काढत. मग ख्रिस्ती लेखकांनी त्यांच्या पद्धतीला नावे का ठेवली?

उत्तर : भुते असतात यावर दोघांचे एकमत होते. ती स्वर्गातून पडलेल्या देवदूतांपासून आणि मानवी स्त्रियांपासून निपजली, ही हनोखाच्या पुस्तकातली यहुदी कथा दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने थोड्या फरकाने तशीच सांगितली. भांडण होते ते साधनांवरून.

यहुदी विधीचे तपशीलवार वर्णन इतिहासकार योसेफसने केले आहे. रोमन सम्राट व्हेस्पाशियनच्या समोर एलाजार नावाच्या यहुद्याने, खड्याखाली मुळी बसवलेली अंगठी बाधित माणसाच्या नाकाशी धरली आणि तो वास घेत असतानाच भूत नाकपुड्यांतून ओढून काढले. माणूस कोसळताच शलमोनाचे नाव घेऊन, त्याचे मंत्र म्हणत, परत न येण्याची शपथ भुताला घातली. ते खरेच गेले हे लोकांना दिसावे म्हणून जवळच पाण्याने भरलेला पेला किंवा पाय धुण्याचे भांडे ठेवलेले असे. जाता जाता ते उलथवायचा हुकूम. तोबीत या जुन्या यहुदी पुस्तकात माशाचे हृदय आणि यकृत निखाऱ्यावर टाकून धुरी दिली जाते, तेव्हा अस्मोदेउस नावाचे भूत थेट मिसरपर्यंत पळते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूही ‘नीघ, पुन्हा शिरू नकोस’ असेच बजावतो. शपथेचा साचा जुनाच, फक्त मुळी आणि भांडे गळाले. जस्टिनने ‘ट्रायफोशी संवाद’ या, एका यहुद्याशी केलेल्या वादावरच्या पुस्तकात बोट ठेवले ते इथेच. अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या देवाच्या नावाने यहुद्यांनी भूत काढले तर ते कदाचित जाईलही. पण त्यांचे मांत्रिक परधर्मीयांसारखी धुरी आणि बंधने (जखडणारे मंत्र) वापरतात, ही त्याची तक्रार. त्यातला ‘कदाचित’ बोलका आहे. त्याची स्वतःची रीत म्हणजे रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात क्रुसावर दिलेल्या येशूचे नाव.

नुसते नाव उसने घेऊन मात्र भागत नसे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधल्या पुस्तकात, इफिस शहरात स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांनी ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची’ शपथ घातली, तर बाधित माणसानेच झडप घातली आणि ते उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन पळाले.

पुढे साधने परतलीच, तीही बाप्तिस्म्यात. ‘प्रेषितीय परंपरा’ या जुन्या नियमग्रंथाप्रमाणे बाप्तिस्मा जवळ आला की उमेदवारावर रोज हात ठेवून भूतनिवारण होई. बिशप चेहऱ्यावर फुंकर घाली, कपाळ, कान, नाक यांवर खूण करी. सैतानाचा त्याग उच्चारल्यावर अभिमंत्रित तेल लावत. धुरी नको, तेल चालले!

प्रश्न : सभास्थानात (यहुद्यांच्या प्रार्थनागृहात) भुते राहतात, असे ख्रिस्ती धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोम खरेच म्हणाला?

उत्तर : हो, अंत्युखियातल्या 386-387च्या प्रवचनांत. पण समोर बसलेले श्रोते ख्रिस्ती होते. त्याच्याच मंडळीतले लोक यहुदी सणांना जात, शपथ घ्यायला सभास्थान गाठत, आजारपणात यहुद्यांकडून ताईत आणि मंत्र आणत. त्यांना धाक घालण्यासाठी ही भाषा होती. यहुदी विधींची माहिती म्हणून ती प्रवचने वाचू नयेत. त्याच शतकातल्या लावदिकीयाच्या धर्मसभेला तर पाळकांनीच ताईत बनवू नयेत, असा नियम (क्रमांक 36) करावा लागला; ते घालणाऱ्यांना मंडळीबाहेर काढायचे होते.