दिनक्रम बदलल्यापासून आमचा कुत्रा घरी एकटा राहत नाही. त्याला सवय कशी लावावी?

तुम्ही लिहिले आहे की, घरून काम करणे संपून तुम्ही दोघेही आता कार्यालयात जाऊ लागला आहात, सासूबाई गावी परतल्या आहेत आणि तेव्हापासून तुमचा चार वर्षांचा देशी कुत्रा दाराची चौकट ओरबाडतो, सतत भुंकतो आणि घरात लघवी करतो. सोसायटीत तक्रारी येत असल्यामुळे त्याला रागावून शिस्त लावावी का, असे तुम्ही विचारले आहे. दत्तक जाण्यापूर्वी कुत्र्यांना घरी सांभाळण्याचे काम मी करतो आणि त्या अनुभवावरून आग्रहाने सांगतो की, रागावू नका. तो सूड उगवत नसून घाबरलेला आहे. ओरडल्यावर तो कान पाडून नजर चुकवतो, ते त्याला आपली चूक कळल्याचे लक्षण नव्हे. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 सालच्या प्रयोगात हा ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खरोखर काही केले होते की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असल्याचे दिसले होते.

आधी पशुवैद्यांकडून लघवीची तपासणी करून घ्या, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गामुळेही घरात लघवी होते. त्यानंतर जुना मोबाईल लावून, तुम्ही बाहेर पडल्यावरचे पहिले अर्धा-पाऊण तासाचे चित्रण करा. तुम्ही जाताच तो धापा टाकत येरझाऱ्या घालू लागला, लाळ गाळू लागला, दाराशीच घुटमळत राहिला, तर दुराव्याची भीती हेच कारण असण्याची शक्यता मोठी; मात्र तो एरवी झोपलेला असून केवळ लिफ्टच्या आवाजाने उठून भुंकत असेल, तर प्रश्न वेगळा आहे.

भीती असल्यास उपाय एकच: ती जागी होणार नाही इतक्याच वेळापुरते त्याला एकटे ठेवायचे आणि तो वेळ हळूहळू वाढवायचा. किल्ल्या उचलणे, चपला घालणे, डबा पिशवीत ठेवणे या खुणांनीच तो अस्वस्थ होत असेल, तर दिवसातून अधूनमधून त्या करा आणि बाहेर न जाता पुन्हा कामाला लागा. पुढे दार ओढून घेऊन काही सेकंदांत परत या, आणि तो शांत राहत असेल तरच वेळ वाढवा. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा मोठी ठेवू नका. मध्येच अगदी छोटी फेरी घेतली, तर पुढच्या खेपेला किती वेळ लागणार याचा धसका तो घेत नाही. झोप नसताना येणाऱ्या जांभया, वारंवार ओठ चाटणे, ताठरलेले अंग ही थांबण्याची चिन्हे आहेत. पहिल्या अर्ध्या तासाची तयारी सर्वांत चिवट असते आणि तिथे आठवडे लागले, तरी ते वाया जात नाहीत.

या काळात त्याला दिवसभर एकटे सोडले, तर सकाळी शिकवलेले दुपारपर्यंत पुसले जाते. ही अट कामावर जाणाऱ्यांना अवघड वाटते आणि म्हणूनच बहुतेक प्रयत्न इथे फसतात. त्यामुळे शक्य असल्यास दोघांनी कार्यालयाचे दिवस आलटून पालटून घ्या, उरलेल्या दिवसांसाठी ओळखीच्या निवृत्त शेजाऱ्यांना किंवा कुत्र्यांच्या पाळणाघराला विचारा. सासूबाई काही आठवडे परत येऊ शकत असतील, तर मी त्यांना खरोखर विनंती करीन. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांनाही उपचार सुरू असल्याचे सांगून ठेवा. कारण कळले की माणसे सहसा थोडे थांबतात.

खेळण्यात भरून गोठवलेला दहीभात अशा वेळी उपयोगी पडतो, परंतु तुम्ही येईपर्यंत त्याने त्याला तोंडही लावले नसेल, तर वेळ जास्त झाला असे समजा. बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेले पीनट बटर कुत्र्यांना विषारी असते. पिंजऱ्यात कोंडणे टाळा. घाबरलेली कुत्री गज चावून दात आणि नखे तोडून घेतात. सोबतीला दुसरे कुत्रे आणण्याचा सल्लाही बऱ्याचदा मिळतो; पण त्याची ओढ माणसांकडे असल्यामुळे त्याने सहसा फरक पडत नाही.

एवढे करूनही तो काही सेकंदसुद्धा शांत राहू शकत नसेल, तर औषधाला कमीपणा मानू नका. फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही औषधे यासाठी वापरली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्यामुळे भीती कमी झाली की वरील सराव त्याच्या आवाक्यात येतो. घरातील कोणाच्या गोळ्या त्याला स्वतःहून देऊ नका, सुरू केलेले औषध अचानक बंद करू नका आणि पशुवैद्यांकडे जाताना ते चित्रण अवश्य दाखवा, कारण दवाखान्यात तुम्ही शेजारी असताना त्याची ही अवस्था त्यांना दिसणार नाही.