एकसष्ट सर्टिफिकेटं आणि एक न विचारलेला प्रश्न

"मॅडम, मी मागं पडलेय. अजून कोणता कोर्स करू?"

मी समुपदेशनाचं काम करते आणि विज्ञान शाखेत पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न सतत ऐकते. नांदेड, परभणी, बीड, हिंगोली. गाव बदलतं, विषय बदलतो, वाक्य तेच राहतं. पाठोपाठ तुलना येते. पुण्यातल्या मुलांना मोठ्या प्रयोगशाळा शेजारीच आहेत, मुंबईच्या मुलांना आयआयटीचं वातावरण आहे, आमच्याकडे काय आहे? यातलं खरं मी नाकारत नाही, अंतर आहेच. पण या तक्रारीच्या खाली बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी दडलेलं असतं आणि ते बाहेर आल्याशिवाय कितीही कोर्स केले तरी मन शांत होत नाही. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सहा भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात दिलं आहे.

जिंतूरकडची ही मुलगी भौतिकशास्त्रात संशोधन करते. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. विषय कोबाल्ट फेराइटचे, म्हणजे लोह आणि कोबाल्टच्या एका चुंबकीय संयुगाचे, नॅनोकण. झोप लागत नाही, लॅबमध्ये जावंसं वाटत नाही, गाइडचा फोन आला की पोटात गोळा येतो, असं सांगत ती आली. पहिल्याच भेटीत तिने एक जाड फाइल टेबलावर ठेवली. आत प्लास्टिकच्या पारदर्शक खिशांत सर्टिफिकेटं तारखेनुसार लावलेली. वेबिनार, ऑनलाइन कार्यशाळा, राष्ट्रीय परिषद, आंतरराष्ट्रीय परिषद, आठवडाभराचा ऑनलाइन कार्यक्रम. मोजली तर एकसष्ट भरली. काही एकाच दिवसाची होती: सकाळी एका वेबिनारचा फीडबॅक फॉर्म, दुपारी दुसऱ्याचा.

"एवढं करूनही मला काहीच येत नाही असं वाटायलंय," ती म्हणाली.

त्या दिवशी मी सल्ला दिला नाही. पुढच्या भेटीला फाइल परत आणायला सांगितली आणि एकच काम दिलं: ज्या कार्यक्रमानंतर हाताला काहीतरी नवीन करता येऊ लागलं, तेवढीच सर्टिफिकेटं बाजूला काढ. "माहिती मिळाली" चालणार नाही. हाताला आलं पाहिजे.

अर्धा तास ती एकेक खिसा उलटत राहिली. शेवटी टेबलावर तीनच कागद उरले. लॅटेक्स या प्रबंध मांडायच्या सॉफ्टवेअरची दोन दिवसांची कार्यशाळा, ज्यानंतर प्रबंधाची पानं ती स्वतः लावू लागली. आलेख काढायच्या सॉफ्टवेअरवर आलेखातली उंच टोकं, म्हणजे शिखरं, जुळवायचं सत्र. आणि एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातला बारा आठवड्यांचा एक कोर्स, ज्याच्या असाइनमेंट तिने खरोखर सोडवल्या होत्या. तिन्ही ठिकाणी तिला काहीतरी करून दाखवावं लागलं होतं. बाकी अठ्ठावन्न ठिकाणी नुसतं बसून ऐकलं होतं.

"या तिन्हींपैकी कुठे प्रश्न विचारलास?"

"नाही."

"आणि त्या अठ्ठावन्नमध्ये?"

ती गप्प. मीही गप्प राहिले. ही शांतता भरून काढायची घाई करायची नाही, हे या कामात फार महत्त्वाचं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, एक पेपर अडकलाय. सहा महिने झाले."

मग खरी गोष्ट बाहेर आली. तिने एका नियतकालिकाकडे पेपर पाठवला होता. तो तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, म्हणजे रिव्ह्यूअरचा, तिसरा प्रश्न असा: कणांचा आकार काढताना यंत्रामुळे येणारी शिखराची रुंदी वजा केली आहे का? केली असल्यास कोणत्या प्रमाण नमुन्यावरून (यंत्र पडताळण्यासाठी मोजतात त्या नमुन्यावरून)? तिला उत्तर माहीत नव्हतं. तिच्या विभागात एक्स-रे डिफ्रॅक्शनचं, म्हणजे क्ष-किरण टाकून पदार्थाची रचना आलेखात दाखवणारं, यंत्र बंद होतं, म्हणून ती पावडर कुरिअरने बाहेर पाठवायची आणि आठवड्याने ई-मेलवर डेटा यायचा. यंत्र तिने जवळून पाहिलंच नव्हतं.

"मग जिथून डेटा आला, त्यांना विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, की मला हे येत नाही. तिसऱ्या वर्षाला असून. हे मला यायलाच पाहिजे होतं."

त्या वाक्यातल्या "च"वर मी बोट ठेवलं. "यायला पाहिजे होतं" आणि "यायलाच पाहिजे होतं" यांत एका अक्षराचा फरक, पण पहिल्यात इच्छा आहे आणि दुसऱ्यात शिक्षा आहे. आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच मनाशी म्हटलं की माणूस विचारायला मोकळा होतो. "यायलाच" म्हटलं की न येणं हा गुन्हा ठरतो, आणि गुन्हा माणूस लपवतो. मी तिला विचारलं, "जे यंत्र तू पाहिलं नाहीस, त्याची रुंदी तुला कुठून कळणार होती? हा नियम कुणी केला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फाइलवर हात ठेवून हळूच म्हणाली, "म्हणजे मी एक प्रश्न विचारायचा टाळायला एवढं सगळं करत राहिले."

मी हे तिला सांगितलं नव्हतं. तिचं तिने शोधलं, आणि मनावर तेच टिकतं. आपली परिस्थिती माणसाला जेवढी अडवते, त्याहून जास्त त्या परिस्थितीबद्दलचा त्याचा स्वतःचा हुकूम अडवतो. माझ्या कामाचा पाया हाच आहे, आणि संशोधकांच्या बाबतीत तो मला पुन्हा पुन्हा खरा ठरलेला दिसतो.

आता कामाचं बोलू, कारण नुसती जाणीव झाली म्हणून पेपर पुढे सरकत नाही.

तिसऱ्या भेटीत आम्ही ई-मेल लिहिला. तिचा पहिला मसुदा सव्वा पान होता आणि त्यातलं अर्धं पान माफी मागण्यात गेलं होतं. मोठ्या संस्थेतल्या माणसाला अशा पत्रातून काय हवंय तेच कळत नाही, आणि ते नंतर वाचू म्हणून राहून जातं. काटछाट करून सात ओळी उरल्या. मी कोण, कोणत्या विद्यापीठाची, गाइड कोण. नमुना कोणता आणि कसा बनवला: सोल-जेल ऑटो-कम्बशन (द्रावणाचं जेल करून ते पेटवून पावडर बनवायची पद्धत), इंधन सायट्रिक ॲसिड. मोजणी कधी झाली, कोन २० ते ८० अंश, पायरी ०.०२ अंश. कुठे अडलं. स्वतः काय करून पाहिलं. काय हवं: त्याच सेटिंगवर घेतलेला प्रमाण नमुन्याचा डेटा. आणि शेवटची ओळ: यंत्र चालू असताना दोन दिवस शेजारी बसून शिकता येईल का? गाइडना प्रत लावलेली. विषयाच्या जागी "मदत हवी" न लिहिता नमुन्याचा क्रमांक आणि मोजणीची तारीख.

गाइडशी बोलणं हा वेगळाच डोंगर होता. "सर, मला ट्रेनिंगला जायचंय" असं म्हटलं की समोरच्याला सुट्टी ऐकू येते. तिने सांगितलं, "सर, रिव्ह्यूअरच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणायला दोन दिवस लागतील." परवानगी तिथल्या तिथे मिळाली. घरी "पुन्हा बाहेरगावी?" झालंच, पण काम काय, राहायचं कुठे, परत कधी, हे तिने कागदावर लिहून आईच्या हातात दिलं आणि वाद तिथेच मिटला.

ई-मेलचं उत्तर दोन दिवसांत आलं. यंत्र चालवणाऱ्यांनी लिहिलं होतं की प्रमाण नमुना आम्ही दर महिन्याला मोजतोच, फाइल जोडली आहे, अजून कुणी मागितली नव्हती. हे वाचून दाखवताना तिचा आवाज बदलला होता.

मग तिने हिशेब केला. मुख्य शिखर ३५.४ अंशाजवळ, मोजलेली रुंदी ०.२३८ अंश. प्रमाण नमुन्यावरून यंत्राची रुंदी ०.१२ अंश. दोन्हींचे वर्ग करून वजाबाकी आणि मग वर्गमूळ. उरली सुमारे ०.२०६ अंश. शिखराच्या रुंदीवरून कणांचा आकार शेररच्या सूत्राने काढतात; त्यात रुंदी घालण्याआधी अंशांचं रेडियन करायचं असतं. ते विसरलं तर उत्तर सत्तावन्न पटीने चुकतं. इतकं चुकलेलं उत्तर पाहून घाबरलेली मुलं मला भेटली आहेत. तिचा आकार आधी ३५ नॅनोमीटर होता, तो ४० च्या आसपास गेला. निष्कर्ष फारसा बदलला नाही, पण आता आकडा तिचा स्वतःचा होता.

दोन दिवस प्रत्यक्ष बसल्यावर जे मिळालं ते कोणत्याच वेबिनारमध्ये नव्हतं. पावडर होल्डरच्या काठाशी अगदी सपाट भरायची. थोडीही वर किंवा खाली राहिली तर सगळी शिखरं सरकतात, आणि संशोधक त्याला स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या अंतरातला बदल समजून बसतो. दुसरं म्हणजे, तिच्या आलेखाची पार्श्वभूमी कायम वर असायची. आपला नमुना खराब आहे असं समजून ती दोन वर्षं तो पुन्हा पुन्हा बनवत होती. तिथल्या तंत्रज्ञाने एका वाक्यात सांगितलं: यंत्रातल्या तांब्याच्या नळीतून येणाऱ्या क्ष-किरणांनी लोह आणि कोबाल्ट स्वतः चमकतात, त्यामुळे पार्श्वभूमी वर येते, नमुना ठीक आहे. दोन वर्षं ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तो त्या धातूंचा स्वभाव होता.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक संशोधकाला आता मी एक वही करायला सांगते. पानावर तीन रकाने: कुठे अडलं, हे कुणाला येतं, शिकून झाल्यावर माझ्या हातात काय असेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या कार्यक्रमाला जायचं नाही, मग सर्टिफिकेट कितीही देखणं असो. सहा महिन्यांत अशी एक गोष्ट पक्की झाली तरी पुष्कळ झालं.

दुसऱ्या रकान्यासाठी मराठवाड्यात बसून काय काय हाताशी आहे, ते सांगते. कोणतं यंत्र कोणत्या संस्थेत आहे हे आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येतं आणि वेळही मागता येते. बाहेरच्या संशोधकांचे नमुने मोजून देणारी सैफ नावाची सरकारी मदतीची केंद्रं आहेत, त्यातलं एक आयआयटी मुंबईत; तिथे नमुना पाठवताना फॉर्ममध्ये मोजणीची स्थिती लिहून मागा, नाहीतर डेटा येईल पण त्याचा इतिहास येणार नाही. यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग यांची यूजीसी-डीएई संशोधन केंद्रं, इंदूर, मुंबई आणि कोलकात्याची, मुळात विद्यापीठातल्या संशोधकांसाठीच उभी केलेली आहेत. इंदूर आपल्याला रात्रीच्या बसच्या अंतरावर आहे, आणि अतितीव्र क्ष-किरण देणारा इंडस-२ सिंक्रोट्रॉनही तिथलाच. खगोलशास्त्रवाल्यांना पुण्याचं आयुका हे आंतर-विद्यापीठ केंद्र आहे. अशा ठिकाणी प्रस्ताव लिहावा लागतो, आणि प्रस्ताव लिहिणं हेच अर्धं शिक्षण आहे. "माझ्या नमुन्याची मोजणी करावी" एवढंच लिहिलेला प्रस्ताव मागे पडतो; कोणता प्रश्न सुटेल ते लिहा.

वाचायला मिळत नाही ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. "एक राष्ट्र, एक सदस्यता" योजनेत १ जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. आपल्या विद्यापीठाचं नाव त्यात आहे का ते ग्रंथालयात जाऊन विचारा आणि गावाकडून वाचायचं असेल तर घरून लॉगिन करायची सोय मागून घ्या. ग्रंथपालांना भेटायला संशोधक लाजतात, हे मला कधीच पटलेलं नाही. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक चांगलं की फसवं हे ओळखायची जबाबदारी तुमच्यावर आली आहे, त्यातही ग्रंथपालच उपयोगी पडतील. तीन दिवसांत छापतो म्हणणारा, विषय न पाहता आमंत्रण धाडणारा आणि पैशाचं आधी बोलणारा, यांच्यापासून लांब राहा.

एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तर साधारण हजार रुपये लागतात. पण एका वेळी एकच घ्या. चार घेऊन चारही तिसऱ्या आठवड्यात सोडून दिलेले, असं मी फार पाहते, आणि प्रत्येक सोडलेला कोर्स "मला जमत नाही"चा नवा पुरावा म्हणून मनात जमा होतो. महाविद्यालयात शिकवत शिकवत संशोधन करणाऱ्यांना बढतीसाठी रिफ्रेशर (उजळणी) कोर्स करावा लागतो तो करावाच, पण त्याला संशोधनाचं शिक्षण समजू नये.

प्रवासखर्चाचं जाण्याआधी विचारा. फेलोशिपच्या कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेत, तो बसतो का, कुणाची सही लागते, कोणती पावती चालते. परत आल्यावर बसचं तिकीट हरवलेलं असतं आणि मग त्या पैशांपायी पुढची संधी नको वाटू लागते.

आणि ई-मेलला उत्तर नाही आलं तर? दहा दिवस थांबा, त्याच ई-मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा, तरीही नाही आलं तर वहीतलं दुसरं नाव. उत्तर न येणं म्हणजे तुमच्या लायकीवरचा शेरा नाही. समोरच्याच्या मेलपेटीत त्या दिवशी काय होतं हे तुम्हाला माहीत नसतं, मग वाईटच का धरायचं?

सहाव्या भेटीला ती आली तेव्हा जाड फाइल आणली नव्हती. हातात दोनशे पानी वही होती, पहिली चार पानं भरलेली. पाचव्या पानावर नवीन नोंद: चुंबकत्वाचा आलेख वरच्या टोकाला सपाट होत नाही, का? दुसऱ्या रकान्यात दोन नावं.

"याचा ई-मेल आता बसून लिहू या का?" मी विचारलं.

"पाठवला मॅडम, काल रात्रीच," ती म्हणाली. "तुम्हाला फक्त दाखवायला आणलाय."