फोनचा प्रश्न सोपा आहे, ‘एफडी’चा नाही

दहिसरच्या एका ताईंचं पत्र आहे. घरून डबे देतात, खर्च जाऊन महिन्याला दहा-बारा हजार सुटतात. मिस्टर अंधेरी एमआयडीसीत, वय ३९, पगार ३१,०००. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि जुना फोन सारखा हँग होतो. दुकानदाराने दोन फोन दाखवले: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेजचा ९,५०० ला, आणि ६-१२८ चा ५जी फोन १५,००० ला, ‘नो कॉस्ट ईएमआय’ने महिना १,२५०. रोख देता येत नाही, कारण “याच महिन्यात मुलाच्या एफडीचा तिसरा हप्ता ५०,००० भरायचाय. पाच वर्षं भरायचे, दहाव्या वर्षी ३,८०,००० मिळणार. बँकेतल्या साहेबांनीच काढून दिली.”

फोनचं आधी उरकतो. स्वस्तातलाच घ्या. खोक्यावर ‘८ जीबी रॅम’ असेल तर त्यातली चारच खरी, बाकीची स्टोरेजमधून उसनी आणि बरीच मंद. ५० मेगापिक्सेल कॅमेरा भाजीच्या फोटोला भरपूर झाला. शेजारचं दुसरं भिंग बहुतेकदा शोभेचं. ५,००० एमएएचची बॅटरी दिवस काढते, पण १० वॉटचा चार्जर तिला भरायला तीनेक तास घेतो, तेव्हा रात्री लावा. खरी अडचण ६४ जीबीची. सिस्टिम आणि ॲप्सच त्यातला मोठा वाटा खातात, उरलेलं ग्राहकांचे फोटो भरून टाकतात, आणि व्हॉट्सॲप काही मेमरी कार्डावर हलत नाही. हजारभर जास्त देऊन त्यातलाच १२८ जीबीचा मिळतो का बघा. सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार हेही विचारा, कारण जीपे त्याच फोनवर आहे. ऑर्डरींना ४जी पुरतं. शिवाय काही स्वस्त ५जी फोन फक्त ‘स्टँडअलोन’, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, ५जी पकडतात. सिम एअरटेलचं असेल तर बऱ्याच ठिकाणी ते ४जीवरच चालतात.

‘नो कॉस्ट’चं म्हणाल, तर व्याज किमतीत मुरवलेलं असतं आणि वर प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय.

आता ती एफडी. ताई, एफडीत पैसे एकदाच ठेवतात. दरवर्षी हप्ता मागते ती विमा पॉलिसी. कागद काढून बघा, वर विमा कंपनीचं नाव असेल. भरणार अडीच लाख, मिळणार तीन लाख ऐंशी हजार. वर्षाला सव्वापाच-साडेपाच टक्के पडतात. पीपीएफ, ही सरकारी बचत योजना, आज ७.१ टक्के देते. तेही मी सोडून दिलं असतं. पण विमा काढलाय कुणाचा? चौदा वर्षांच्या मुलाचा! घर ज्यांच्या ३१,००० वर चालतं, त्यांच्या नावावर, तुम्हीच लिहिलंय, एक रुपयाचाही विमा नाही. ‘मुलाच्या भविष्यासाठी’ म्हटलं की आईबाप सही करतात, हे त्या साहेबांना पक्कं ठाऊक असतं.

रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. दोन हप्ते भरलेत, म्हणजे एक लाख. आत्ता सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर हातात त्याहून बरेच कमी येतील. हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ करता येते का, म्हणजे कमी रकमेवर शेवटपर्यंत चालू ठेवता येते का, ते विचारा. साधारणपणे दोन पूर्ण हप्त्यांनंतर करता येते, आणि मग दहाव्या वर्षी सव्वा ते दीड लाख मिळावेत. आकडा कंपनीकडून लेखी घ्या, साहेबांच्या तोंडून नको. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात हे उरका.

मग ते ५०,००० मोकळे होतात. मिस्टरांचा ५० लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, साठीपर्यंतचा: तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, आजार लपवू नका. फोन रोखीने, साडेदहा हजार धरा. उरलेल्या तिसेक हजारांची खरी एफडी, अडीअडचणीला. पुढच्या वर्षीच्या ५०,००० मधून आधी टर्मचा हप्ता, मग मुलाच्या नावाने पीपीएफ.

साहेबांनी व्हॉट्सॲपवर ‘एफडी’ असं लिहून पाठवलं असेल, तर जुना फोन रिसेट करण्याआधी त्या चॅटचे स्क्रीनशॉट मुलाच्या ईमेलवर टाका. विमा ‘एफडी’ म्हणून विकला या तक्रारीत तोच पुरावा. तोंडी शब्द टिकत नाही, कारण फॉर्मवर सही तुमची आहे. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचं, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांचं, कार्यालय आहे. फी नाही, वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच अशी आशा मात्र धरू नका.

तक्रार गेली की साहेबांचा फोन येईल, ‘ही बंद करून दुसरी चांगली देतो.’ तेव्हा कशावरही सही करू नका.