धारातीर्थी कोण पडतं?

प्रश्न असा आहे: 1999च्या टायगर हिलच्या लढाईवरील लेखात 'पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान धारातीर्थी पडला' असं वाक्य होतं. संपादकांनी ते खोडून 'ठार झाला' केलं. शत्रूसाठी हा शब्द चालतो का? (त्याचं नावच 'कर्नल' होतं, हुद्दा कॅप्टनचा.)

चालतो. चालत नाही तो ज्यांच्यासाठी हल्ली सर्रास वापरला जातो त्यांना. सलामीचा फलंदाज शून्यावर धारातीर्थी पडतो, अनामत जप्त झालेला उमेदवार धारातीर्थी पडतो, शेअर बाजारसुद्धा पडतो. त्यावर कडी म्हणजे 'धारातीर्थी पतन पावले'. पतन चारित्र्याचं होतं, साम्राज्याचं होतं. रणात माणूस पडतो, एवढं साधं क्रियापद तिथे पुरतं.

'शहीद' आणि 'हुतात्मा' चटकन बाजूला ठेवू. एक मुळात साक्ष देणारा, दुसरा स्वतःची आहुती दिलेला. साक्ष कशाची आणि आहुती कोणत्या यज्ञात, हे ठरल्याशिवाय ते शब्द लावता येत नाहीत. म्हणजे हे दोन्ही शब्द कुणाची तरी बाजू घेतात. 'धारातीर्थ' घेत नाही.

यातली धारा शस्त्राची. 'रक्ताच्या धारांचं तीर्थ' हा अर्थ वक्त्यांना फार आवडतो, पण असिधारा, खड्गधारा हे संस्कृत शब्द काय सांगतात ते पाहावं. असिधाराव्रत घेणारा रक्तात न्हात नाही, पात्याच्या कडेवर उभा असतो. कोशांत दोन धारा वेगळ्या दिलेल्या असतात: प्रवाह या अर्थाची धाव् म्हणजे धावणे यावरून, आणि पात्याची कड या अर्थाची दुसऱ्या धाव्‌वरून, म्हणजे धुणे, घासून उजळणे. दोन्ही धातू मुळात एक की दोन, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. लोहाराच्या भात्यापाशी तो केव्हाच मिटलेला आहे.

कारण धार टिकायची तर पात्याला आधी 'पाणी' द्यावं लागतं. पातं साधारण 800 अंशांपर्यंत लालबुंद तापवायचं आणि कड तेवढी बुडवायची. सगळं पातं बुडवलं तर पाठही कडक होते आणि वार झेलताना तुकडा पडतो. पाणी फार गार असलं तर कडेला तडे जातात. मग पुन्हा 200 ते 230 अंशांवर शेकायचं, उजळलेली कड गवती पिवळी दिसेपर्यंत. हे टाळलं तर धार काचेसारखी ठिसूळ राहते, आणि कड निळी होईपर्यंत शेकलं तर ती मऊ पडून लवकर बोथट होते. 'तलवारीचं पाणी' हे नुसतं कवींचं बोलणं नव्हे.

आता तीर्थ. तॄ म्हणजे तरून जाणे. तीर्थ म्हणजे नदी ओलांडायची जागा, आपल्या बोलीत उतार. देवळं आणि पुण्य नंतर आलं. तीर्थंकर या शब्दात हा पलीकडे नेणारा अर्थ अजून जागा आहे. तेव्हा धारातीर्थ म्हणजे पात्याच्या पाण्यातला उतार, असा माझा तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही. उताराला दोन काठ असतात, आणि दोन्ही काठांवरचे लोक त्याच पाण्यात उतरतात.

'तीर्थ म्हटलं की पुण्य आलं, अधर्माच्या बाजूला कसलं पुण्य?' असा आक्षेप घेणाऱ्यांनी महाभारत शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही. स्वर्गारोहण पर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन आसनावर विराजमान! धर्मराज चिडतो, आणि नारद त्याला सांगतात की याने रणात देह ठेवला, म्हणून हा इथे आहे. त्याआधी स्त्रीपर्वात हाच युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू वगैरेंना दोन्हीकडच्या मृतांचे अंत्यसंस्कार करायला सांगतो. चंदन, अगरू, तूप, तेल जमवून चिता रचल्या जातात. ज्यांचं कोणीच नव्हतं, त्यांनाही गोळा करून अग्नी दिला जातो. मग सगळे गंगेवर जलदानाला जातात. परत पाणीच.

1949च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं 17वं कलमही याच वळणाचं आहे, फक्त कोरड्या भाषेत: आधी मृतदेह तपासून ओळख पटवा, दुहेरी ओळखबिल्ला असेल तर अर्धा देहासोबत राहू द्या, शक्य तर त्याच्या धर्माच्या विधीने दफन करा, थडग्यावर खूण ठेवा. धर्म किंवा आरोग्याची निकड नसेल तर दहन करू नका. टायगर हिलवर भारतीय सैन्याचे ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी एक पाऊल पुढे टाकलं. शेर खानच्या खिशात त्यांनी चिठ्ठी ठेवली, की हा फार शौर्याने लढला, याला त्याचं श्रेय मिळावं. देह परत गेला आणि पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला.

एक फरक मात्र पाळावा. अफझलखान धारातीर्थी पडला नाही. तो भेटीत मारला गेला, रणात नव्हे. शिवाजी महाराजांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचं दफन करवलं हा मृताचा मान झाला, पण मान दिला म्हणून शब्द बदलत नाही.

संपादकांचं 'ठार झाला' व्याकरणाला धरून आहे, पण मग त्याच लेखात आपल्या जवानांसाठी 'धारातीर्थी' ठेवण्याचं कारण त्यांनी शब्दार्थात शोधू नये, ते तिथे सापडणार नाही. आणि वाक्य परत घ्यायचं ठरलंच तर 'धारातिर्थी' छापू नका, 'ती' दीर्घ आहे.