आधी दाढा बघ

अगं पोरी,

तुझा मेल वाचला. जीवाश्मांवर काम करायचंय म्हणतेस, खूप बरं वाटलं. डायनोसॉरपासून सुरुवात करू का असं विचारलंयस, तर नको, हत्तीच्या दाढांपासून कर, का ते सांगते.

१७३९ मध्ये अमेरिकेत ओहायो नदीच्या बाजूला एका फ्रेंच फौजेच्या तुकडीला मोठाली हाडं सापडली आणि ती पॅरिसला पोचली. मांडीचं हाड हत्तीसारखं, सुळे हत्तीसारखे, पण दाढा भलत्याच, वर जाडजूड उंचवटे असलेल्या. दोबांतों म्हणून मोठा अभ्यासक होता, त्याने १७६२ मध्ये सांगून टाकलं की दाढा पाणघोड्याच्या आणि बाकीचं हत्तीचं. त्याला हसू नकोस हां, देवाने घडवलेला अख्खा प्राणी पृथ्वीवरून नाहीसा होऊ शकतो हे तेव्हा कोणाला पटतच नव्हतं, मग माणूस जे ओळखीचं आहे त्यातच सगळं बसवतो. अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनलाही वाटायचं की हे जनावर पश्चिमेकडे कुठेतरी जिवंत असणार.

मग १७९६ ला क्युव्हिए नावाचा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ उभा राहिला, वय २६ फक्त! त्याच्याकडे श्रीलंकेच्या आणि आफ्रिकेच्या हत्तीच्या कवट्या होत्या (फ्रेंच फौजेने हॉलंडमधून उचलून आणलेल्या, हेही विसरू नकोस). आता नीट बघ. आशियाई हत्तीच्या दाढेवर आडव्या, एकमेकींना समांतर अशा पट्ट्या असतात, आफ्रिकन हत्तीच्या दाढेवर चक्क शंकरपाळ्याचे आकार दिसतात, आणि मॅमथच्या (जुन्या काळातला हत्तीसारखा मोठा प्राणी, ज्याची हाडंच सापडतात) दाढेवर पट्ट्या आणखी पातळ, अगदी दाटीने बसलेल्या. म्हणजे जिवंत हत्तीच दोन वेगळ्या जातींचे आणि मॅमथ दोन्हींपैकी कोणीच नाही. मग तो गेला कुठे, एवढं धूड कोणाच्या नजरेतून सुटेल का? तो नामशेष झालाय, असं क्युव्हिएने उघडपणे मांडलं. ओहायोचं जनावरही तसंच नामशेष, त्याला पुढे त्यानेच मास्टोडॉन नाव दिलं.

त्याचं सगळंच बरोबर नव्हतं, एका जातीतून दुसरी जात होते हे त्याने कधी मानलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती त्याच्याही आधीची गोष्ट. १७२५ च्या सुमाराला दक्षिण कॅरोलिनात जमिनीतून मोठ्या दाढा निघाल्या, आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी बघताक्षणी सांगितलं की ह्या हत्तीच्या आहेत. त्या मॅमथच्या होत्या, म्हणजे हत्तीच्याच कुळातल्या. त्यांनी हत्ती डोळ्यांनी पाहिला होता ना! आणि ही त्यांची ओळख कितीतरी पुस्तकांत येतच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर सुट्टीत एखाद्या म्युझियममध्ये हत्तीची दाढ शोध, फोटो काढून पळू नकोस, समोर बसून पेन्सिलने काढ, दोन तास गेले तरी चालतील. पट्ट्या मोज, कुठली झिजलीय ते बघ आणि चित्र मला पाठव.

तुझी ताई