काळ्या मातीतले खनिज आणि जखमेवरची पट्टी

प्रश्न : आमच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असते, असे एका शेतकरी शिबिरात ऐकले. हेच खनिज पॉलिमरमध्ये मिसळून जखमेच्या पट्ट्या तयार करता येतात, असे मुलीच्या पुस्तकात वाचले. हे कसे? शेतात विळा लागला की माती दाबायची जुनी रीत मग बरोबरच म्हणायची का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो जिवाशी निगडित आहे. जखमेवर माती कधीही लावू नये. मातीत धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे.

आता खनिजाविषयी. बेसाल्ट झिजून बनलेल्या मराठवाड्याच्या जमिनीत स्मेक्टाइट गटातील (पाण्याने फुगणारी, थरांची) चिकणमाती-खनिजे मुबलक असतात आणि मॉन्टमोरिलोनाइट त्यांपैकीच एक. त्याचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड, पण लांबीरुंदीला त्याच्या शेकडो पट असतो. थरांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे सोडियम, कॅल्शियम यांचे धन आयन आणि पाणी त्यांच्यामधल्या फटींत शिरते. पावसात जमीन फुगून चिखल औताला चिकटतो आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे.

शुद्ध केलेल्या खनिजाचे थर सुटे करून पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थात, पसरवले, तर थोड्याशा प्रमाणातही पदार्थाची ताकद वाढते. काझुतोशी हारागुची यांनी २००२ मध्ये जपानमध्ये स्मेक्टाइट गटातल्याच कृत्रिम हेक्टोराइटपासून असे जेल बनवले, की ते मूळ लांबीच्या सुमारे दहापट ताणले तरी तुटत नव्हते. एरवी असे पाणीदार जेल सहज फाटते. कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसान या पॉलिमरमध्ये मॉन्टमोरिलोनाइट मिसळून जखमेच्या पट्ट्यांवर संशोधन चालू आहे. धनभारित औषध थरांमध्ये अडकवले, तर शरीरद्रवातील सोडियम आयन हळूहळू त्याची जागा घेतात आणि औषध एकदम न सुटता बेताबेताने बाहेर पडते. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र शुद्ध खनिजही सुटे वापरले तर निर्धोक नसते. रक्तस्राव थांबवण्यासाठी स्मेक्टाइटचे दाणे थेट जखमेत भरण्याच्या एका उत्पादनाचा वापर अमेरिकी लष्कराने २००९ मध्ये थांबवला, कारण प्राण्यांवरील चाचण्यांत रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन आत गुठळ्या झाल्याचे दिसले. म्हणूनच खनिज पॉलिमरमध्ये पक्के बांधलेले राहते का आणि सुटलेच तर शरीरात कोठे जाते, हे प्रत्येक नव्या पट्टीबाबत तपासावे लागते.