बालगृहातली आरती, चादर आणि फोटो

आमच्या देवस्थानाचं बालगृह आहे. संध्याकाळच्या आरतीला सगळ्या मुलांनी हजर राहायचं, असा नियम आहे. दोन मुलं येत नाहीत. काय करावं? – एक विश्वस्त, बाळीवेस

आरती चालू ठेवा, हजेरी बंद करा. श्रद्धेपोटी तुम्ही हे काम हाती घेतलंत, ती तुमची शिदोरी. मुलांनी भाकरीच्या बदल्यात ती परत करायची नसते. मग ते बालगृह मठाचं असो, चर्चचं असो की दर्ग्याचं. धर्मभावनेतून मुलांसाठी उभं राहिलेलं काम आपल्या सोलापूर जिल्ह्याला जुनंच आहे. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी 1875 साली बालकाश्रम काढला, तो टाकून दिलेल्या अर्भकांसाठी. ज्यांचं नावसुद्धा कुणी घ्यायला तयार नव्हतं अशी ती मुलं!

तुमच्या भिंतीवर ‘सेवा, प्रेम, त्याग’ लिहिलेलं असेलच. मी बालगृहात गेले की भिंत वाचत नाही, चादरी बघते. सोलापुरात चादरींना काय तोटा? देणगीत गठ्ठेच्या गठ्ठे येतात, सगळ्या एकाच नक्षीच्या. एका मुलीने आपल्या चादरीच्या कोपऱ्याला तांबडा दोरा बांधला होता. धुऊन आलेल्या ढिगात ती आधी तो दोरा शोधायची. ते बघून त्या संस्थेने पुढच्या खेपेला मुलांनाच दुकानात नेलं आणि ज्याचा त्याचा रंग निवडायला लावला. अधीक्षकबाईंचा घामटा निघाला, पण दोऱ्याची गरज संपली.

मुलाचा वाढदिवस बालगृहात केला. फोटो स्टेटसला ठेवू दिले नाहीत. एवढा खर्च करून हे बरं दिसतं का? – होटगी रोड

बरंच दिसतं. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी उद्या वर्गातल्या कुणी तो फोटो पाहिला तर? केक कापताना तुमच्या मुलाला टाळ्या वाजवणाऱ्या चाळीस पोरांपैकी किती जणांना आपली जन्मतारीख माहीत असते, हेही कधी विचारून बघा. पुढच्या वर्षी केकऐवजी चपला द्या, प्रत्येकाच्या मापाच्या. त्या कधीच पुरत नाहीत.

मी विड्या वळते. मालक वारले, दोन लेकरं आहेत. आश्रमात ठेवली तर जेवण-शाळा फुकट होईल, असं सगळे म्हणतात. – एक आई

ताई, घाई करू नका. संस्था हा शेवटचा उपाय, हे कायद्याचंच तत्त्व आहे. चांगली संस्थाही तुम्हाला आधी हेच सांगेल. एकट्या पालकाच्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. मुलं घरीच राहतात आणि दरमहा ठरावीक रक्कम मिळते. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. आधार कार्ड, पतीचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि मुलांचा शाळेचा बोनाफाईड सोबत घ्या. चकरा माराव्या लागतील, हे खोटं कशाला सांगू? पण लेकरं रात्री तुमच्याजवळ झोपतील.

ओळखीच्या आश्रमातून थेट बाळ दत्तक मिळेल का?

नाही. सापडलेलं बाळ 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. परस्पर देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकविधान बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर करा. आणि ‘देवाची कृपा म्हणून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्याच दिवशी 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावा.